ओल्या पानांवरचं ठिगळ

मुकादमबाई रस्त्यानं चालताना मान खाली घालून चालत. नव्या माणसाला वाटे, काय गरीब गाय आहे बिचारी! गरीब कसली? बाई खड्डे मोजत असत. पालिकेच्या रस्तेखात्यात एकतीस वर्षं काढली होती त्यांनी, त्यातली सतरा टोळी क्रमांक चारच्या मुकादम म्हणून. हाताखाली आठ माणसं, एक रोलर, दोन हातगाड्या. आवाज असा, की रोलर धडधडत असतानाही पलीकडच्या टोकाला ऐकू जाई. त्यांचे यजमान बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणत, "आयुष्यभर मी हॉर्न वाजवला, पण घरात कधी गरज पडली नाही."

या बाईंना एक खोड होती. खड्डा भरून झाला, की तेलाच्या डब्याच्या पत्र्यात कापलेले आकडे त्यावर ठेवायचे, वरून पांढरा रंग फासायचा आणि तारीख उमटवायची. तारखेखाली टोळीचा चार. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्यानं त्यांना भर रस्त्यात अडवलं होतं. "हा खड्डा कधी भरलात हो?" बाईंना सांगता येईना. म्हातारा म्हणाला, "मग मी शिव्या कुठल्या तारखेपासून मोजू?" सगळी टोळी हसली, पण बाईंच्या ते जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी पत्रा कापून घेतला. तेव्हापासून लोक दारात येऊन सांगत, "बाई, वाचनालयासमोरचा तुमचा गेल्या वर्षीचा उखडला हो." बाई दुसऱ्या दिवशी टोळी घेऊन तिथं हजर. कुरकुर नाही, सबब नाही.

मग नवे साहेब आले. तरुण, गोड बोलणारे, बुटांना कधी चिखल न लागलेले. त्यांनी आल्या आल्या हुकूम काढला, की रस्त्यावर आकडे लिहू नयेत, रस्ता विद्रूप दिसतो. बघा म्हणजे! खड्ड्यानं रस्ता विद्रूप होत नाही, तारखेनं होतो. खरं दुखणं वेगळंच होतं. अर्धं काम एका ठेकेदाराला दिलं होतं आणि त्याच्या खड्ड्यांवर तारखा का नाहीत, असं लोक विचारायला लागले होते. बाई दोन दिवस चडफडल्या. मग आकडे घरी नेऊन खाटेखालच्या ट्रंकेच्या तळाशी घातले. त्यावर यजमानांची अवजारांची पेटी येऊन बसली.

त्या वर्षी पानगळ आणि पाऊस एकदमच आले. गल्लीच्या तोंडाशी उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी मोठी झाडं. चार दिवसांत उतारावर पानांचा चिखल झाला. अशा दिवसांत टोळी चारचं काम रेंगाळे आणि लोक नावं ठेवत. पण बाईंचा नियम मोडायचा नाही: आधी झाडू, मग डांबर. टोळीतली झाडूवाली खड्ड्यात उकिडवी बसून कोपऱ्यातलं पान न् पान खरवडून काढी. ओल असली तर थांबायचं, वाळवायचं, मगच गरम माल ओतायचा आणि धुम्मसानं ठोकून बसवायचा. का, तर ओलं पान मध्ये राहिलं की वरचं खालच्याला धरतच नाही. दिसायला झकास दिसतं, पण नुसतं ठेवलेलं असतं.

ठेकेदाराला एवढा धीर कुठला? एका मंगळवारी त्याचा ट्रक आला आणि दोन तासांत उतारावरचे अकराच्या अकरा खड्डे बुजवून गेला. टोळी चार त्या दिवशी शाळेमागच्या रस्त्यावर होती. संध्याकाळी परतताना बाईंनी ती काळी कुळकुळीत ठिगळं पाहिली, वाकून एकावर बोट फिरवलं आणि झाडूवालीला म्हणाल्या, "हे पंधरा दिवस टिकलं तर माझं नाव बदल."

ते नऊ दिवस टिकलं.

बाईंच्या भिंतीला भिंत लागून शिलाईताईचं घर, खिडकी उतारावर उघडणारी. बावीस वर्षांचा शेजार. एकीच्या घरात मीठ संपलं, की दुसरीनं भिंतीवर दोनदा थापटायचं, इतकं सख्य. दहाव्या दिवशी सकाळी ती कापडाचं गाठोडं घेऊन सायकलवरून उतार उतरत होती. चाकाखालचं ठिगळ सरकलं आणि सायकल एकीकडे, गाठोडं दुसरीकडे. उजवं मनगट मोडलं. शिवणकाम करणाऱ्या बाईचं उजवं मनगट! बाईंना कळलं तेव्हा त्या कामावर होत्या. त्या तशाच डांबरानं माखलेल्या हातांनी दवाखान्यात धावल्या. परत येऊन दोन्ही घरांचा स्वयंपाक त्यांनीच केला.

सोमवारी पालिकेचं माहितीपत्रक आलं. दर सोमवारी ते गल्लीच्या फलकावर लागे: कुठला दिवा बंद, पानांचा कचरा कधी उचलणार, कुठला रस्ता दुरुस्त झाला. त्यात छापलं होतं: "उताराचा रस्ता. अकरा खड्डे भरले. काम पूर्ण. टोळी क्रमांक चार."

त्या दुपारी बाईंनी पाठवलेला जेवणाचा डबा न उघडता परत आला. कढत होता अजून. बाईंनी भिंतीवर दोनदा थापटलं. उत्तर नाही. मग त्यांनी दार वाजवलं. आतून शिलाईताईचा आवाज आला, "बाई, मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही. बावीस वर्षं तुमच्या कामाच्या बढाया ऐकल्या. आता माझा हात बघते आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मुकादमबाईंचा आवाज फुटला नाही. डबा पोटाशी धरून त्या जिन्यावर बसल्या आणि रडल्या. अगदी पदर तोंडात कोंबून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी खुर्ची दिली आणि एक कागद पुढे सरकवला.

"अपघाताची तक्रार आली आहे, मुकादमबाई. उताराचं काम तुमच्या टोळीचं, अशी सही करा. साधी ताकीद मिळेल, विषय संपेल."

"पण काम आमचं नाही, साहेब. त्या दिवशी आम्ही शाळेमागं होतो. हजेरीपुस्तक बघा."

"हजेरीपुस्तकात माणसं असतात, रस्ता नसतो," साहेब हसून म्हणाले. "आणि उतार तुमच्याच हद्दीत येतो. सही केली नाहीत, तर मला वर लिहावं लागेल, की टोळी चारवर देखरेख राहिलेली नाही. मग टोळी बंद होईल आणि तिचं काम ठेकेदाराकडे जाईल. आठ माणसांचा विचार करा. गुरुवारी रहिवाशांची सभा आहे, त्याआधी कागद द्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वर संन्याशानं दोर स्वतःच आणून द्यायचा!

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. "पाच आठवडे राहिलेत तुझ्या निवृत्तीला," ते म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? कर सही. टोळीतल्या पोरांची कामं तरी वाचतील."

"आणि भिंतीपलीकडे काय सांगू?" बाई कडाडल्या. "की हो बाई, तुझा हात मीच मोडला? अहो, माझ्या हातून शंभर चुका झाल्या असतील. त्या सगळ्यांवर मी तारीख घातली होती. जे माझं नाही ते मी माझं म्हणणार नाही. मासा राहिला बाजूला, मगर आली तरी नाही म्हणणार."

 यजमानांनी उठून दारातल्या हातगाडीच्या चाकाला तेल घालायला घेतलं. बाई म्हणाल्या, "राहू द्या. करकरू दे. येतेय ते कळू दे सगळ्यांना."

गुरुवारी सकाळी बाई आणि झाडूवाली उतारावर गेल्या. फावडं नाही, पहार नाही, नुसती हातगाडी. शिलाईताईच्या सायकलीखाली सरकलेलं ठिगळ पालिकेनं उचलून नेलं होतं. त्याच्या शेजारच्या ठिगळापाशी बाई गुडघ्यांवर बसल्या. कडेखाली बोटं घातली आणि ओढलं. डब्याचं झाकण निघावं तसं ते अख्खं निघालं. दोघींनी पालथं करून बघितलं. खालची बाजू पानांनी गच्च भरलेली, एकावर एक. काही चिकटलेली, काहींचे नुसते ठसे, पण शिरा न् शिरा दिसत होत्या.

झाडूवालीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! हे तर माझ्या झाडूला लाज आणणारं आहे."

"लाज कुणाला येते ते दुपारी बघू," बाई म्हणाल्या. दोघींनी ते गाडीवर चढवलं. समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा हलल्यासारखा वाटला. ती खिडकी शिलाईताईची होती. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

सभा पालिकेच्या दालनात होती. प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या. भिंतीवर चित्रं दाखवत साहेब बोलत होते. पानांच्या कचऱ्याच्या गाड्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतील. गटारांच्या जाळ्या साफ झाल्या आहेत. मग उताराचा रस्ता भिंतीवर आला, काम पूर्ण. तेवढ्यात मागून करकर ऐकू आली. सगळ्यांच्या माना वळल्या. हातगाडी खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ पुढे आली. दोघींनी ठिगळ उचललं आणि साहेबांच्या कागदांवर पालथं ठेवलं. टेबल कण्हलं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांचा गोड आवाज पहिल्यांदा आंबट झाला. "तुम्ही रस्ता उखडलात? पालिकेच्या मालमत्तेची नासधूस केलीत?"

"करा की गुन्हा दाखल. पण त्यात एवढंही लिहा, की रस्ता हातानं उचलला. ही बघा बोटं. पहारीला शिवलेसुद्धा नाही. पूर्ण झालेलं काम हातानं निघतं का हो, साहेब?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेब सावरले. "पानं अडकलेली आहेत, मान्य. पण हे तुमच्याच टोळीनं केलं नाही, हे यावरून कसं ठरतं?"

बरोबर आहे की नाही? पानावर काही ठेकेदाराची सही नव्हती.  पण आता माघार घेतील तर त्या बाई कसल्या?

"मग चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "वाचनालयासमोर चला, शाळेमागं चला. जिथं तारीख आणि चार दिसेल, तिथला कुठलाही खड्डा निवडा. पहार मी देते, माणसं तुमची आणा, ठेकेदारालाही आणा. एक जरी खड्डा असा अख्खा निघाला, तर त्याच जागी बसून तुमच्या कागदावर सही करते. दोनदा करते!"

साहेब काही बोलणार, तोच तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. शिलाईताई. ती टेबलापाशी आली आणि डाव्या हाताची बोटं पानांच्या ठशांवरून फिरवली. कापड घेताना फिरवायची तशीच.

"मळक्या कापडावर ठिगळ बसत नाही, हे मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. "त्या मंगळवारी मी खिडकीत मशीनवर बसले होते. ट्रक आला, माल ओतला, गेला. झाडूचा आवाज आला नाही. चार नंबरची टोळी आली, की आधी अर्धा तास झाडूच ऐकू येतो. माझ्या मशीनवरून ऐकू येतो, डोकं उठतं. त्या दिवशी डोकं उठलं नव्हतं." मग ती बाईंकडे वळली. "हे मला ठाऊक होतं. तरी मी फलकावरच्या कागदावर विश्वास ठेवला आणि शेजारणीचा डबा परत पाठवला. चुकलं माझं, बाई."

दालनात गलका झाला. वाचनालयाचा शिपाई ओरडला, की आमच्या दारातला खड्डा तीन पानगळी टिकलाय. मग ज्याला त्याला आपल्या दारातली तारीख आठवायला लागली. साहेबांनी भिंतीवरचं चित्र बंद केलं.

पुढच्या सोमवारी फलकावर नवं पत्रक लागलं: "उताराचा रस्ता. काम पुन्हा केले जाईल." चूक झाली, हा शब्द कुठं नव्हता. तो पालिकेच्या छापखान्यात नसावाच. टोळी चार चालू राहिली, "पुढील आदेशापर्यंत". आणि विनापरवाना रस्ता उचलल्याबद्दल मुकादमबाईंना लेखी नोटीस आली. बाईंनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहिलं, की उचलला, पुन्हा असा भरलात तर पुन्हा उचलेन. खाली तारीख घातली.

उताराचं काम त्यांनीच करायला घेतलं. दोन कोरडे दिवस मिळेपर्यंत अडून बसल्या. मग सकाळपासून झाडू चालला, एवढा की शिलाईताईनं खिडकी उघडून "पुरे की!" म्हणून ओरडून घेतलं. दिवस कलता कलता अकरावा खड्डा भरून झाला. रोलर बाजूला गेला. बाईंनी पिशवीत हात घातला आणि पत्र्याचे आकडे बाहेर काढले.

"बाई, हुकूम आहे," झाडूवाली हळूच म्हणाली.

"हुकूम तोंडपाठ आहे मला. रंग आण."

अवजारांच्या पेटीखाली इतके महिने दबून पत्रे वाकले होते. बाईंनी ते गुडघ्यावर सरळ करून पाहिले, पण जमेना. तसेच ठेवले आणि रंग फासला. तारीख उमटली, खाली चार. शिलाईताई गळ्यात हात अडकवून बघायला येऊन उभी राहिली होती. आयुष्य सरळ शिवण घालण्यात गेलेलं, तिला कसं राहवेल?

"चार वाकडा आलाय," ती म्हणाली.

मुकादमबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"वाकडा असला तरी माझा आहे."