सुभाषच्या पेटीतला गारवा

बर्फ उन्हात कमी होत जातो आणि कॅम्पिंगचे किस्से उन्हातच वाढत जातात! आमच्या तिघांकडे तर इतके साठलेत की कुठून काढावेत कळत नाही. बायकोच्या मते यातले निम्मे मी रचलेले आहेत. कोणते निम्मे, ते मात्र ती सांगत नाही.

तिघं म्हणजे मी, पारनेरला कोल्ड्रिंकचं दुकान चालवणारा सुभाष आणि एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर अण्णा. अण्णांना शुगर. जेवणाआधी इन्सुलिन टोचल्याशिवाय घास घ्यायचा नाही. वहिनींनी त्यांना माळावर तंबू ठोकून राहायची परवानगी दिली ती एकाच अटीवर : इंजेक्शनचा डबा गार राहिला पाहिजे, पण बर्फाला टेकता कामा नये. "एकदा जरी औषध बिघडलं, तर तंबूचं कापड फाडून पायपुसणी करीन!"

म्हणून सुभाषने एका मच्छीवाल्याकडून जुनी निळी आइसबॉक्स आणली. कडी तुटलेली, त्यामुळे झाकणावरून सुतळी बांधायची. सगळं त्या पेटीपासून सुरू झालं.

* * *

पहिल्याच खेपेला मिरजगावला थांबून बर्फ घेतला. बर्फवाल्याने विचारलं, "कुठं निघालाय?"

"पलीकडच्या तलावावर. मुक्कामाला."

"मग दोन लाद्या न्या. एकीत तुमचं भागंल."

"आन् दुसरी?" सुभाष म्हणाला.

बर्फवाला तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. आम्ही गुपचूप दोन घेतल्या!

* * *

उघड्या माळावर जेवायला बसलं की पहिला घास जागेला, म्हणजे तिथल्या राखणदाराला ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. अण्णा भाकरीचा तुकडा, पिठल्याचं बोट दगडावर ठेवतात. सुभाष पेटीतल्या वस्तूंचा मात्र कधी ठेवत नाही. म्हणतो, "बंद पेटीतल्याचा कसला आलाय घास? जागेला काय दिसतंय व्हय आत काय हाय ते?"

त्या पहिल्या खेपेला तलावावर दही काढायला पेटी उघडली. मडक्यावरचं फडकं जागच्या जागी होतं. दह्यात मात्र मधोमध खड्डा. बोटांनी काढल्यासारखा.

"मुंगूस असंल," सुभाष म्हणाला.

अण्णांनी हातातली सुतळी वर धरली. "मुंगूस दही खातं, फडकं नीट करतं आन् जाताना गाठ बांधून जातं व्हय रं?"

दही कोणी खाल्लं नाही. अण्णांनी ते मडक्यासकट दगडावर ठेवलं. सकाळी मडकं धुतलेलं होतं!

* * *

जामखेडच्या बाजूला गेलो तेव्हा भर मे महिना. मला वाटलं बर्फ सुभाषने घेतला, सुभाषला वाटलं मी घेतला. दुपारी झाकण उघडलं तर पेटी कोरडी ठणठणीत. आणि अण्णांचा डबा आतच होता.

अण्णांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. डबा गारेगार! पाण्याची बाटली तोंडाला लावली तर दात कळवळले.

"पेटी लई चांगली हाय," सुभाष म्हणाला.

"लेका, पेटीत बर्फच नाहीये!"

"म्हनून तर म्हनतोय चांगली हाय!"

अण्णा शांतपणे इंजेक्शन भरत होते. "सुईला काय कळतंय गारवा कुठनं आला ते," म्हणाले. 

* * *

तिथेच संध्याकाळी मेंढरं घेऊन एक म्हातारी आली. पाणी मागितलं. सुभाषने कौतुकाने पेटीतली बाटली दिली. तिने बाटली हातात धरली, पेटीकडे पाहिलं आणि बाटली परत केली.

"ह्यातलं न्हाई पीत. ही कुनाची तरी पेटी हाय."

"आवं मावशे, आमचीच हाय!"

"तुमची कशी?" म्हातारी म्हणाली. "तुमी तर भाईर बसलाय."

आणि मेंढरं हाकत निघून गेली.

* * *

पेटी विकून टाक, असं मी सुभाषला सांगितलं. तो म्हणाला, "अशी गार पेटी पुन्हा मिळायची न्हाई." म्हणून परवा पारनेरच्या माळावर पुन्हा तीच पेटी.

दुपारी जेवायच्या वेळी पाहिलं तर अण्णांचा डबा नाही! बर्फ काढला, बाटल्या काढल्या, पेटी उपडी करून आपटली. नाहीच.

"तू ठिवला न्हाईस," सुभाष माझ्यावर ओरडला.

"पेटी तू भरलीस!"

"भांडू नका रं," अण्णा म्हणाले. चेहरा उतरला होता. "आता हिचं ऐकून घरीच बसायचं. संपलं आपलं."

वहिनींना फोन करावा म्हणून तिघंही टेकाडावर चढलो. रेंज नव्हती. चारही बाजूंनी मोकळा माळ, माणूस काय, कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. गाडी काढून परतायचं ठरवलं आणि खाली आलो.

उपडी टाकलेली पेटी सरळ उभी होती. झाकण बंद. सुतळीची गाठ मारलेली.

सुभाष जागचा हलेना. शेवटी अण्णाच पुढे झाले. आत मधोमध स्टीलचा डबा, त्यावर पांढरं दंव. कडेचा पोचासुद्धा तोच.

"माझाच हाय," अण्णा हसले. इंजेक्शन घेतलं, पोटभर जेवले. आम्ही दोघं न जेवताच सामान गाडीत भरू लागलो.

परतताना पारनेर जवळ आलं तशी रेंज आली आणि फोन वाजला. अण्णांनी स्पीकर लावला.

"सकाळपासून फोन लावतेय!" वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. "तुमचा डबा इथंच राहिलाय, फ्रीजमध्ये. माझ्या हातात हाय आत्ता. तुमी काही खाल्लं तर न्हाई ना?"

सुभाषने गाडी कडेला घेतली. अण्णांच्या मांडीवर डबा होता.

त्यांनी शर्ट वर केला आणि सुई टोचलेल्या जागेवर तळवा ठेवला.

"अजून गार लागतंय," म्हणाले.