दाराचं कपाट

पेंटरकाकांना कुणी कलावंत म्हटलं की ते खेकसायचे, "हॅट्! आपण पाट्यावाले." उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, विजेच्या डब्यांवर कवट्या काढल्या. चित्र गिऱ्हाईक आणतं नाहीतर माणसाला लांब ठेवतं, तिसरा उपयोग त्यांना ठाऊक नव्हता. हात इतका पक्का, की त्यांनी फरशीवर काढलेली चप्पल उचलायला लोक वाकायचे. चेहरा मात्र जमत नसे. माणूस काढायचा तर पाठमोरा.

म्हातारपणी काकूंची स्मरणशक्ती गेली. रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला त्या चपला घालून पोरीला आणायला निघायच्या. पोरगी तर शाळेत असतानाच तापाने गेलेली, त्याला जमाना लोटला. कडी लावली की काकू नखं तुटेपर्यंत दार ओढायच्या. मागच्या आठवड्यात कडी लावायची राहिली आणि त्या थेट ट्रकसमोर! ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचल्या.

मग म्हाताऱ्याने डोकं लढवलं. काकू झोपल्या असताना दाराच्या आतल्या अंगावर त्यांनी कपाट रंगवलं. फळ्या, बरण्या, पालथ्या वाट्या, सगळं सावल्यांसकट. कडीसुद्धा रंगात जिरवून टाकली. दुपारी काकू दारापाशी आल्या, थबकल्या, परत फिरल्या. काकांच्या जिवात जीव आला.

पण कसलं काय! थोड्याच वेळात काकू भिंती चाचपत रडायला लागल्या.

"अहो, दार कुठं गेलं? पोरगी आत येणार कशी?"

त्यांनी अन्न सोडलं. "ती बाहेर उपाशी, आणि मी जेवू?" दोन दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही. कपाट पुसावं तर तो ट्रक, ठेवावं तर बायको डोळ्यांदेखत झुरून मरणार. काकांनी हात टेकले.

शेवटी त्यांनी आतल्या भिंतीवर पोरगी काढली. चटईवर बसलेली, दोन वेण्या, पुस्तकावर वाकलेली, पाठमोरी. तिचा चेहरा आपल्याला आता धड आठवतही नाही, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"बघ, आली ती," काका म्हणाले.

काकूंचं तोंड असं उजळलं म्हणता! दोन ताटं वाढून त्या भिंतीपाशी बसल्या. "अगं, जेवतेस ना? इकडे बघ की." पोरगी कशाला वळतेय? मग त्या काकांवरच उसळल्या.

"रागावलात ना तिला? तोंड फिरवून बसलीय ती."

"हो गं, रागावलो."

"मग काढा की समजूत! तोवर मी घासाला शिवणार नाही."

म्हातारा गुडघे दाबत भिंतीसमोर बसला. रंग अजून ओला होता.

"चिमणे," ते म्हणाले. किती वर्षांनी हा शब्द तोंडातून निघाला! "चिमणे, एकदा वळून बघ गं. तुझं तोंड आठवत नाही मला."

मागे काकूंनी घास मोडला.

"ऐकतेय ती," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "थांबू नका."

काकूंचं ताट रिकामं होईपर्यंत काका बोलत राहिले.