पाळण्यावरचा पाइपाचा दिवा

धरणाच्या कॉलनीत पाण्याची लाइन जोडण्यात उमाजीचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन तो गणेशगुडीला घरी बसला, पण हात पाइप सोडीनात. उरल्यासुरल्या प्लास्टिकच्या पाइपांचे तो दिवे करू लागला. पाइपावर कागद डकवून नक्षी काढायची, रेघेवर बारीक भोकं पाडायची, प्रत्येक भोकाची कड ब्लेडनं खरडायची. एक भोक दुसऱ्याला भिडलं की तुकडा फेकून द्यायचा.

"कुणाला दिसतंय ते?" बायको अनुसया म्हणायची.

"मला दिसतंय."

लेक कविता बाळंतपण उरकून बाजारकुणंगला सासरी निघाली, तेव्हा त्यानं बाळासाठी दिवा केला. त्यावर धनेश पक्ष्यांची जोडी. आत एलईडीचा बल्ब, हात लावला तरी थंड. स्वतः जाऊन त्यानं तो पाळण्याच्या वर वाशाला टांगला. पाइपाच्या वरच्या कडेला समोरासमोर दोन भोकं, त्यांतून तार.

पौषात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी कविताचा फोन आला. घरात रेंज नसायची, ती मागच्या टेकाडावर चढून बोलत होती.

"बाबा, तुमच्या दिव्यानं लई सोय झाली. बाळाची खोली कशी ऊबदार हाय."

"ऊबदार? त्या दिव्याला ऊब कुठली?"

फोन तुटला. परत लावला, लागेना.

उमाजी उभाच राहिला. म्हणजे आतला बल्ब बदललाय. आणि पाइप तापला की काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जोड मिळाला नाही की तो पाइपाचं तोंड जाळावर फिरवायचा. चामड्यासारखं मऊ झालं की त्यात दुसरा पाइप सरळ शिरायचा. आता तशाच मऊ पाइपात तार होती, आणि तारेखाली बाळ.

"जेवून तरी जा," अनुसया म्हणाली. त्यानं स्कूटर काढली.

वाटेत एका वळणावर गवे रस्त्यात उभे. हॉर्न वाजवला तर बिथरायचे. इंजिन बंद करून तो थांबला. एक मादी रवंथ करत त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांपुढे तार होती, भोकाची कड कापत वर सरकणारी. गवे हलताच त्यानं किल्ली फिरवली.

अंगणात विहीण गिरजा मिरच्या निवडत होती.

"अगं बाई, इवाई! सांगावा न्हाई, काय न्हाई."

तो चपलांसकट आत गेला. आधी बाळ उचललं. मग बटण बंद केलं. मग वर पाहिलं.

दिवा तिरपा झाला होता. धनेशांच्या चोची खाली वाकल्या होत्या. एका बाजूची तार कड फाडून सुटली होती, दुसऱ्या बाजूचं भोक लांबट होऊन काठाशी आलं होतं. खाली दुपट्यावर बाळाच्या डोक्याचा खळगा तसाच होता.

गिरजा मागून आली. "पिल्लांच्या टोपल्यातला शंभर वॅटचा बल्ब हाय तो. कोंबडीची पिल्लं त्याच्यावरच जगली बघा. म्हटलं, नातवालाबी ऊब."

"आणि पिल्लं?"

"चुलीम्होरं ठेवल्यात."

"इहीणबाई, हा पाइप तापला की मऊ पडतो. दिवा बल्बासकट खाली आला असता."

गिरजानं वर बघितलं, पाळण्यात बघितलं आणि उंबऱ्यावर बसली.

बल्ब निवल्यावर त्यानं फडक्यानं काढला आणि पिल्लांच्या टोपल्यात परत लावला. मग बाळाला घोंगडीत गुंडाळून चुलीपुढे मांडी घातली. कवितानं चहा दिला.

"दिवा परत टांगायचा काय, बाबा? तुमचाच बल्ब घालून?"

"न्हाई," तो म्हणाला. "कोपऱ्यात ठेवीन. जमिनीवर."

बाळ झोपलं होतं. तरी तो मधून मधून त्याच्या नाकाशी बोट धरत होता.