भाजलेल्या मातीचा वाफा

डोळखांबच्या डोंगराकडेला एक कातकरवाडी आहे. तिथल्या गोदीला लहानपणापासून दोन कामं येत. उन्हाळ्यात ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या लावायच्या आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात भाताची लावणी करायची. लावणीत तिच्या बरोबरीनं कुणी टिकत नसे. पण कापणीला तिच्या वाट्याला मजुरीच यायची.

१९५९ सालच्या सुरुवातीला सरकारनं वाडीतल्या काही घरांना माळाखालची पडीक जमीन कसायला दिली. गोदी आणि तिचा नवरा यमाजी यांना पंधरा गुंठ्यांचा तुकडा मिळाला. अट एकच होती. दोन पावसाळ्यांत तिथे पीक उभं राहिलं पाहिजे, नाहीतर जमीन परत जाणार.

त्या भागात भाताचं रोप राबावर करतात. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पाल्याचे टहाळ आणि गवत पसरायचं, ते जाळायचं आणि पाऊस आला की तिथेच भात पेरायचं. गोदीकडे गुरं नव्हती, म्हणून शेण नव्हतं. टहाळ तोडायला स्वतःचं रान नव्हतं, आणि सरकारी जंगलात कोयता दिसला की रखवालदार तो काढून घेई. सगळे म्हणाले, "राबात राखच तर असते. राख टाक म्हणजे झालं." तिनं टोपली घेऊन घरोघरी चुलीतली राख मागितली. कुणी नाही म्हटलं नाही. ती राख तिनं बोटभर जाड पसरली आणि त्यावर भात पेरलं.

रोपाच्या आधी तण उठलं. रोप आलं ते पिवळं आणि दोऱ्यासारखं बारीक. शेतात लावलं त्यातलं निम्मं आठ दिवसांत मरून गेलं. पहिला पावसाळा असा गेला.

पुढच्या माघात ठेकेदारानं पुन्हा भट्टीच्या जुन्या जागेवर काम काढलं. आदल्या वर्षी तिथे कुणाच्या तरी फडक्यातून नाचणी सांडली असावी, तिची वाळलेली ताटं अजून उभी होती. गोदीच्या कमरेएवढी, कणसं मुठीएवढी. भोवती तणाची काडी नव्हती. तिनं नखानं माती उकरली. राख पावसानं केव्हाच धुऊन नेली होती; माती मात्र भाजून विटेसारखी तांबूस झालेली.

"मी राख टाकली," ती यमाजीला म्हणाली. "आग कुठं टाकली?"

"म्हंजे?"

"रोपाला राख लागतच नसंल. माती भाजायला लागत असंल."

यमाजी हसला, पण दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी जागा साफ करायला तोच आधी गेला. पावसाची वाट पाहून चालणार नव्हतं. चैत्रातच, हातानं पाणी घालून, खरं काय ते बघायचं होतं.

तिनं चार वाफे केले, प्रत्येक दोन हात लांब आणि एक हात रुंद. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात फक्त राख. तिसऱ्यात खरा राब, आणि त्यासाठी ती गावात गुरंढोरं असलेल्या सकुबाईकडे शेण मागायला गेली.

"एका टोपलीत कसला राब होतोय गो?" सकुबाई म्हणाली.

"एवढासाच वाफा हाय, काकी."

सकुबाईनं टोपली शिगोशीग भरली. शेणाच्या टोपलीवर तिनं टहाळाची एक मोळीही दिली.

चौथ्या वाफ्याची माती गोदीनं फुटक्या पत्र्यावर घेतली, खाली जाळ लावला आणि भाकरी उलटावी तशी उलटून-पालटून भाजली. राखेचा कण तिनं त्यात जाऊ दिला नाही. सकुबाईचा नवरा कुंडलिक बैल पाण्यावर घेऊन आला होता. तो बघतच राहिला.

"गोदे, ही माती भाकरीसंगं खाणार का भातासंगं?"

"तुमी जेवायला या काका, पानात वाढते नि सांगते."

दुसऱ्या दिवशी गोदी चारी वाफ्यांत सारखंच बी पेरत होती तेव्हा तो चार माणसं घेऊन आला. सगळे काठावर बसून हसले. यमाजी ओशाळला.

"लोक हसतात गो."

"हसू दे. तू पाणी सांडू नको. चारी वाफ्यांना सारखं घाल."

पेरल्यापासून एकविसाव्या दिवशी शेतकी खात्याचे मदतनीस अनंतराव शहापूरहून आले. कुंडलिकच त्यांना गंमत दाखवायला घेऊन आला होता. अनंतराव हसले नाहीत. त्यांनी प्रत्येक वाफ्यातली दहा-दहा रोपं उपटून धोतराच्या सोग्यावर मांडली आणि फूटपट्टी काढली. पहिल्या दोन्ही वाफ्यांतली रोपं खुजी निघाली, राखेच्या वाफ्यातली तर किंचित अधिकच तणात दबलेली. राबाचं रोप वीतभर. आणि भाजलेल्या मातीचं त्याहून दोन बोटं वर, हिरवंगार, मुळं दाट. त्या वाफ्यात तण शोधूनही सापडेना.

"आमच्या राबापरीस वर?" कुंडलिक खाली बसला. त्यानं आपल्या हातानं रोप मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"मला राखेतलं खत पोसतं असं शिकवलं होतं," अनंतराव म्हणाले. "बाई, बी सारखं, पाणी सारखं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भट्टीनं, साहेब. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोळसा कशानं बिघडला ते कळत नाय."

अनंतरावांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर असेच चार वाफे करून पाहिले, आणि तिथेही भाजलेली माती मागे राहिली नाही.

पण इकडे त्याच उन्हाळ्यात पंधरा गुंठ्यांना लागणाऱ्या रोपाची माती पत्र्यावर भाजून कधी व्हायची? इथे तिची कोळशाची विद्या कामाला आली. रानात गळलेल्या पानांचा पातेरा आणि वाळक्या काटक्या गोळा करायला कुणाची मनाई नव्हती. तिनं त्यांचे लहान लहान ढीग केले, वर रोपाच्या जागेची माती चढवली आणि बुडाशी विस्तव दिला. उघड्यावर पातेरा भडकून विझतो, मातीला त्याची ऊब कळतही नाही. झाकला की दोन दिवस आतल्या आत धुमसतो. ढीग निवले की ती माती पसरायची. असे सव्वीस ढीग झाले. शेवटचे आठ वाडीतल्या बायकांनी लावले. जाणू आणि बुधी तर बोलावल्याशिवाय आल्या.

पाऊस लागला, रोप आलं, आणि लावणीच्या दिवशी अकरा बायका गोदीच्या चिखलात उतरल्या. मजुरी कुणी मागितली नाही. सकुबाईनं दुपारी घमेलंभर भाकरी पाठवल्या. घमेलं घेऊन कुंडलिक स्वतः आला, आणि हसण्याऐवजी माती किती वेळ धुमसू द्यायची ते विचारत बांधावर बसला.

आश्विनात तलाठी पीकपाहणीला आले. पंधरा गुंठ्यांत लवकर पिकणारं हळवं भात लोंब्यांनी वाकलं होतं. त्यांनी शेताला फेरी मारली आणि वही उघडली. यमाजी हात जोडून उभा होता. गोदीचं लक्ष फक्त त्यांच्या टाकाकडे.

"पीक, भात," तलाठी लिहिता लिहिता म्हणाले. "जमीन तुमच्याकडेच राहील. पिकवलं कुणी, तुम्हीच ना?"

"एकटीनं नाय, साहेब. सकुबाईकाकीनं शेण दिलं. यमाजीनं एकवीस दिवस पाणी वाहिलं. अनंतराव साहेबांनी हसल्याबिगर मोजलं. जाणू, बुधी..."

"एवढी नावं रकान्यात बसायची नाहीत, बाई."

"नाय बसली तर नाय. तुमी माझं लिवा. पण ऐकून तरी घ्या."

तलाठ्यांनी वही मिटली, वहाणा काढल्या आणि ते बांधावर बसले. गोदीनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.