तटाच्या आतली माणसं

आई-बाबा पुण्याला परत गेले तेव्हा मी म्हैसूरला एकटी राहिले. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. शाळा, कॉलेज सगळं इथेच, इंग्रजीतून. आता हेब्बाळच्या एका कंपनीत काम करते आणि विजयनगरला वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकिणीचं शिवणाचं दुकान आहे. तिला मी अक्का म्हणते. तिचं घराणं मराठी बोलतं, पण इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नाही. तिचं मराठी ऐकून माझी मावशी हसली होती. मी हसले नाही. सुट्टीच्या दिवशी माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

मागच्या वर्षी तिच्या नातीचं लग्न ठरलं. नवरीच्या चोळीला लावायला आईने पुण्याहून पैठणीचा जरीचा काठ पाठवला. अक्काने तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. लग्नात नवरीच्या अंगात साधी हिरवी चोळी, जरीचा एक धागा नाही. मला ते लागलं. कारण विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही.

यंदा महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमासाठी इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "तू इथलीच ना? म्हैसूर आणि मराठे, यावर दहा मिनिटं वाच." या शहरात अक्काखेरीज मला कुणी कशालाच बोलावलं नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "चला, आता ओळखी होतील." मलाही तेवढंच हवं होतं.

कार्यक्रमासाठी ब्लाऊज शिवायला टाकला. तो अंगावर लावून बघताना अक्का म्हणाली, "काय लिवलीस ते वाच की गे. हात मात्र खाली करू नको."

मी वाचत गेले. १७९२ चा श्रीरंगपट्टणचा वेढा, इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला, सुलतानाचा पराभव, तह, अर्धं राज्य गेलं, वर कोट्यवधींची खंडणी, दोन मुलं ओलीस. "या तहाने आपल्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला."

अक्काने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आपल्याला म्हंजे कोणाला?"

"मराठ्यांना."

"आमाला तर काय मिळालं नाही बा. आमी आत होतो. पट्टणात, तटाच्या आत."

मग तिने तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं. सासूला तिच्या सासूने सांगितलेलं. "बाहेरचे मराठे ओरडायचे ते आतल्या लोकांना नुसतं ऐकू यायचं. आमच्या लोकांना कळायचं बी. तह झाला तसे सगळे म्हणाले, सुटलो. मग खंडणीचे वसुलीवाले आले. आमी शिंपी, तवा कापडं शिवायला कोण देणार? बायकांनी जुन्या अंगरख्यांची जर उसवली, वितळवून चांदी दिली. एका नवरीची तर अंगातली चोळी मागितली. तिनं बसून स्वतः उसवली. तवापासून आमच्यात नवरीला जर नाही."

मला कपाटातला काठ आठवला. "मग तेव्हा सांगितलं का नाही, अक्का?"

"अय्यो, सुम्ने, उगाच कशाला? तुझ्या आईनं मायेनं पाठवलेलं." मग हसून म्हणाली, "बघ, आईला फोन करून विचार. आमची जर तुमच्याच घरात असंल."

दहावीत मी पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाचे जर्मनीवरचे परिणाम पाच मुद्द्यांत लिहिले होते. पूर्ण मार्क मिळाले होते. इथून बसने अर्ध्या तासावर झालेल्या तहाचे परिणाम मला कुणी विचारले नव्हते. मी एक पान नवीन लिहिलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. त्यात ती नवरी होती, आणि तटाबाहेरून येणारी आपलीच भाषा. मी लिहिलेलं मला क्वचितच आवडतं. ते पान आवडलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकूंनी कागद आधी मागून घेतला. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "छान लिहितेस गं. पण हे जरीचं राहू दे. आनंदाचा दिवस आहे, लोक मुलाबाळांना घेऊन आलेत. तुंगभद्रेपर्यंत थांब की."

मी म्हणाले, "बरं."

तुंगभद्रेपर्यंत वाचलं. टाळ्या पडल्या. एका आजींनी मूळ गाव विचारलं, दोघीतिघींनी नंबर घेतला, तिथल्या तिथे मला ग्रुपवर घातलं. रविवारी जेवायला ये, असं काकू दोनदा म्हणाल्या. रिक्षाने घरी येताना मी खूश होते, हे लपवत नाही.

सकाळी अक्का दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"वाचलीस काय आमचं?"

"हो."

"हसले काय?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

"कुणी काही म्हणालं नाही. गप्प ऐकत होते."

"गप्प ऐकले?" तिने आत वळून सुनेला ते कन्नडमध्ये मोठ्याने सांगितलं. शिवणयंत्र थांबलं. सून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून हसली.

आता रविवारी मी काकूंकडे जाते. त्या प्रेमाने वाढतात, ग्रुपवर रोज फुलांचे फोटो येतात. अक्काचं दुकान साडेआठला उघडतं. मी कंपनीची नऊची बस सोडून आता पावणेआठची धरते.