शिळेकाकूंचं आळं

शिळेकाकूंचं आडनाव शिळे नव्हतं. खरं आडनाव आमच्या गल्लीत आता फार जणांना आठवतही नसेल. कामरगावच्या आमच्या लेआउटमध्ये नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी तर त्यांना नमस्कार करून विचारलं होतं, "शिळे म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?" काकूंनी पदर सावरला आणि चेहरा जराही न हलवता सांगितलं, "आमी मूळच्या टाकीतल्या." गृहस्थ बिचारे टाकी नावाचं गाव कुठल्या तालुक्यात आहे ते पुढे बरेच दिवस शोधत होते.

हे नाव त्यांना चिकटलं ते एका शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं म्हणून. नळ यायच्या दिवशी आमच्या गल्लीत सकाळपासून धावपळ असते. आणि नळ आल्याची हाक ऐकू आली की पहिलं काम कोणतं? तर घरात आधीचं उरलेलं पाणी ओतून देणं. माठ, गुंड, पिंप, सगळं रस्त्यावर पालथं. का, तर ते शिळं झालं. ताजं आलं ना! माझी आई हेच करायची, सासूही हेच करायची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच नळाला मी दारात गुंड पालथा केला आणि समोरून आवाज आला, "काय झालं त्या पान्याले? मेलं काय?"

"शिळं आहे, काकू," मी म्हटलं.

"भाकर शिळी होते. भाजी शिळी होते. पानी शिळं होत नाही, पोरी. मानूस होते." एवढं बोलून त्यांनी आपली बादली माझ्या गुंडाखाली धरली. उरलेलं पाणी त्यांच्या लिंबाला गेलं. पुढच्या नळाला त्या पुन्हा बादली घेऊन उभ्या. लाजेनं म्हणा, कंटाळून म्हणा, मी ते पाणी माझ्याच झाडांना घालायला लागले. हळूहळू सगळ्या गल्लीनं शिळं पाणी रस्त्यावर ओतणं सोडलं. शब्द काही कुणी सोडला नाही. मग तोच त्यांच्या नावाला लागला.

पाण्याच्या बाबतीत त्या कुणाची भीड ठेवत नसत. आमचे हे अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात लॉन पाहून आले आणि आमच्या आवारात दोन खाटा मावतील एवढं गवत लावून बसले. संध्याकाळी दुकान बंद करून आले की हातात पाइप. काकू एकदा फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, गाय घेतली काय?"

"नाही, काकू."

"म्हैस?"

"नाही वो."

"बकरी तरी?"

ह्यांनी मान हलवली. "मंग हे गवत कोन खाते?" काकूंनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं. त्यानंतर त्या रोज जाता-येता फाटकाबाहेरून हाक द्यायच्या, "आली काय म्हैस?" शेवटी एका रविवारी ह्यांनी स्वतःच कुदळ घेतली आणि गवत खणून टाकलं. त्या जागी शेवगा आणि कोरफड आली. शेवग्याच्या पहिल्या शेंगा काकूंना दिल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "ही म्हैस बरी हाय. दूध नाही, पन भाजी देते."

पण काकूंची खरी करामत म्हणजे आळं. झाडाभोवती मातीचं कडं त्या असं घालायच्या की पाहत राहावं. "आळं म्हंजे झाडाचं ताट. ताटाबाहेर कोनी वाढते काय?" मातीची कड उभी करून झाली की अंगठ्यानं तिला मुरड घालत फिरायच्या, करंजीला घालतात तशी. कुणाच्या आवारातलं आळं काकूंच्या हातचं आहे हे त्या मुरडीवरून लांबूनही ओळखू यायचं. मध्ये एखादं गळकं मडकं पुरायचं, त्याच्या तोंडावर खापर ठेवायचं आणि वरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, वीतभर पसरायचं. मडकं पाझरत राहतं, मुळं पीत राहतात, ऊन वरच्या वर जिरतं. मी सुरुवातीला पुन्हा पुन्हा कुटार बाजूला करून बघायची. काकू हातावर चापट मारायच्या. "जादा उचलून पाहू नको वं. ओल लाजाळू असते. पाह्यलं की उडते." मी बघणं सोडलं. त्यांच्यावर एवढा विश्वास होता की त्या म्हणतील तिथे ओल आहे, असं मी धरून चालायची.

आता जाईचं सांगायला हवं. ती वेल माझ्या माहेरची, किन्हीराजाची. आईनं लावलेली. आई गेल्यावर भावानं घर विकलं आणि नवीन मालकानं गाडी उभी करायला जागा हवी म्हणून वेल मुळासकट काढली. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी एक फांदी आणून आमच्या खिडकीखाली लावली होती. म्हणजे आईच्या हातचं एवढंच काय ते या जगात उरलं होतं. फुलं यायची तेव्हा मी खिडकीशी बसून आईशी बोलायची. हे वेडेपण फक्त काकूंना ठाऊक होतं. एकदा मी बोलत असताना त्या दाराशी आल्या आणि पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "बोल, बोल. तुहं झालं की सांग, मंग मी बोलतो तिच्याशी." त्या दिवसापासून त्या मला आईच्या जागी झाल्या.

मग तो वाईट उन्हाळा आला. आदल्या पावसानं दगा दिला होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि दोन नळांमधलं अंतर वाढता वाढता एवढं झालं की नळाचा दिवस सणासारखा वाटू लागला. काकूंनी गल्लीतल्या बायांना आपल्या आवारात बोलावलं. "घरोघरी चूळ चूळ घालत बसाल तर कोनतंच झाड जगनार नाही. समदं पानी इथं आना. तांदूळ धुतल्याचं, भाजीचं, माठात उरलेलं, समदं. मी गाळून, निवळून, एका हातानं घालीन. पन दर घराले एकच झाड. कोनतं ते तुमी सांगा."

कुणी लिंबू सांगितलं, कुणी कढीपत्ता. मी जाई सांगितली. "जाईचं माह्यावर सोड," काकू म्हणाल्या. बाकीची झाडं आम्ही डोळ्यांदेखत वाळू दिली. माझा मोगरा गेला, ह्यांचा लाडका शेवगा गेला. काकूंच्या आवारातले ड्रम मात्र आम्ही सगळ्यांनी भरले. इतकंच काय, देवाचं पाणीसुद्धा दिलं. देवांना आंघोळ घातलेलं पाणी आम्ही कुणी पायाखाली येऊ देत नाही, ते तुळशीला नाही तर झाडालाच जातं. ते वाटीभर पाणी मी तुळशीचं पान, कुंकवाचा कण असेल तसं काकूंच्या ड्रममध्ये ओतायची. झाडालाच जाणार होतं ना.

त्याच उन्हाळ्यात काकूंच्या मागच्या प्लॉटवर राजूचं घर उभं राहत होतं. राजू त्यांचा एकुलता एक, पुण्याला असायचा. घर झालं की इकडेच येऊन राहीन, असं त्यानं कबूल केलं होतं. काकूंनी बरीच वर्षं एकटीनं काढली होती, त्यामुळे त्या घराकडे त्या डोळे लावून बसल्या होत्या. एवढ्या टंचाईत बांधकामाला पाणी कसं पुरतं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राजूनं टँकर सांगतला हाय." टँकर मी स्वतः दोनदा पाहिला होता. नंतर दिसला नाही, पण त्याचा विचार कोण करतो?

काकू रोज सकाळी बादली घेऊन घरोघर फिरायच्या. माझ्या खिडकीखाली जाईच्या आळ्यावर वाकायच्या, तिच्याशी दोन शब्द बोलायच्या आणि पुढे जायच्या. जाईची पानं गळायला लागली. मी घाबरून विचारलं तर म्हणाल्या, "झोपली हाय ते. उन्हाळ्यात झाड झोपते. उठवू नको तिले." नंतर फांद्या करड्या झाल्या. मी तांब्याभर पिण्याचं पाणी घालायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "मानसाच्या तोंडचं पानी झाडाले? मी घालून राह्यली ना!" मी तांब्या परत ठेवला.

एका दुपारी वावटळ उठली आणि दोरीवरचा ह्यांचा सदरा उडून राजूच्या नव्या स्लॅबवर जाऊन पडला. मी फळ्यांच्या शिडीनं वर चढले आणि तिथेच थांबले. सगळ्या स्लॅबवर पाणी होतं. सिमेंट तडकू नये म्हणून त्यावर लहान लहान बांध घालून पाणी साठवतात, त्यालाही मिस्त्री लोक आळंच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्या भर उन्हात एकामागून एक भरलेली आळी. आणि प्रत्येक बांधाच्या कडेला अंगठ्याची मुरड होती. करंजीसारखी.

मिस्त्री अनवाणी त्या पाण्यातून फिरत होता. त्याच्या घोट्याशी तुळशीची पानं तरंगत होती.

सदरा तिथेच राहिला. मी खाली उतरले ती सरळ काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, देवाचं पानी होतं ते. त्याच्यात मिस्त्री पाय देऊन उभा हाय."

त्यांचे हात थांबले. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हे खरं. "टँकरवाला आलाच नाही, मंगले. स्लॅब तडकला असता तर? पोरगा आला असता काय मंग इकडे?" मग थोडं सावरून म्हणाल्या, "आळी मीच घातली. एक थेंब वाया जाऊ देल्ला नाही."

"आन रोज बादली घेऊन काहून येत होत्या?"

"तुमाले धीर राहावा म्हनून."

तेव्हा मला आठवलं, त्यांच्या हातातली बादली चालताना झुलायची. भरलेली बादली कधी झुलते का? रोज डोळ्यांसमोर झुलत होती आणि मी पाहिली नाही. मला रडू फुटलं. मी आईचं नाव घेतलं, जाईचं नाव घेतलं, काय काय बोलले ते आता आठवत नाही. काकू आधी ऐकत होत्या. मग त्यांना माझा राग आला असावा. ज्याची चूक असते त्याला शेवटी रागच येतो. ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, "काय एवढं लावलं वं? झाड पुन्हा लावता येते. आन पानी काय होतं तुमचं? शिळंच तर होतं!"

दुसरं काहीही म्हटलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. ज्या बाईनं त्या एका शब्दापायी सगळ्या गल्लीशी वैर घेतलं, तिनं तो शब्द माझ्या तोंडावर फेकला होता. मी घरी आले, खिडकीखाली बसले आणि कितीतरी दिवसांनी कुटार उचललं. खापर काढलं. मडक्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं.

काकूंची अडचण मला कळत नाही असं नाही. एकटं म्हातारपण मीही पाहिलंय. पण मागितलं असतं तर आम्ही दिलं नसतं का? "बायांनो, माह्या पोराच्या घराले पानी पाहिजे," एवढं म्हटलं असतं तर गल्लीनं झाडांवर पाणी सोडलं असतं आणि ड्रम भरून दिले असते. मी जाईसुद्धा दिली असती कदाचित. रडत दिली असती, पण दिली असती. त्यांनी मागितलं नाही. काढून घेतलं, आणि वर रोज सकाळी येऊन धीर दिला. म्हणून मला अजून राग आहे. तो जात नाही आणि मी घालवतही नाही.

राजू कबूल केल्याप्रमाणे आला. पावसाळ्यात वास्तुपूजा झाली. सगळी गल्ली जेवली, मीही गेले, कारण एका गल्लीत राहून न जाणं बरं दिसत नाही. निघताना काकूंनी पिशवीतलं एक रोप माझ्या हातात ठेवलं. नर्सरीतली जाई. "म्हटलं होतं ना, पुन्हा लावता येते," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, रोपाकडे होते. मी रोप घेतलं. रोपानं माझं काय वाकडं केलं होतं?

काकू आता मागच्या घरात राहतात. दिसल्या की आम्ही "कसं काय" म्हणतो, पुढे बोलणं होत नाही. जाई लागली, या वर्षी फुललीही. वास तोच आहे, पण खिडकीशी बसून मी आता कुणाशी बोलत नाही. नळाच्या दिवशी माठातलं उरलेलं पाणी मी अजूनही रस्त्यावर ओतत नाही. ते जाईलाच जातं. आळंही त्यांनी शिकवलं तसंच घालते, मुरडीसकट. हाताला दुसरं येतच नाही.

फक्त कुटार घालत नाही. उघडं आळं लवकर वाळतं, दुप्पट पाणी लागतं, हे मला कळतं. ओल लाजो नाही तर उडो. मला ती डोळ्यांनी दिसली पाहिजे.