यादीत नसलेली कोरणी

पेणच्या हैबतरावांविषयी लिहायचं तर आधी मला माझंच तोंड काळं करून घ्यावं लागेल. घेतो. मी रोह्याजवळच्या अष्टमी गावचा. जेल खात्यात हवालदार म्हणून एकतीस वर्षं काढली. शेवटचा तुरुंग याच जिल्ह्यातला होता, त्याचं नाव घेत नाही. भित्रा म्हणा हवं तर.

हैबतराव गणपतीच्या कारखान्यातले जुने कारागीर. नखांत कायम शाडू, तोंडात कायम शिवी. कैद्यांना हस्तकला शिकवा असं वरून परिपत्रक आलं आणि साहेबांनी पेणहून त्यांना बोलावलं. आठवड्यातून दोन दिवस ते एसटीने यायचे. पहिल्याच दिवशी एका कैद्याने घडवलेली सोंड मुद्दाम मोडली, तर यांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला. खुनाचा आरोपी तो, पण गाल चोळत गुमान बसला. मला माणूस तिथेच आवडला.

आमच्याकडे जागा ब्याऐंशी जणांची, माणसं अडीचशे. खटला चालू असलेले कच्चे कैदी आणि शिक्षा लागलेले पक्के कैदी वेगवेगळे ठेवायचे असा नियम ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावला होता. प्रत्यक्षात सगळे एकत्र कोंबलेले. त्यामुळे जन्मठेप लागलेला विशाल तीन नंबर बराकीचा मालक झाला. नव्या माणसाला तो संडासाच्या तोंडाशी झोपवायचा, त्याची चपाती खायचा, कोणी नाही म्हटलं की त्याचं तोंड बादलीत दाबून धरायचा. एकाचे पुढचे दात त्याने नळाच्या तोटीवर आपटून पाडले. आम्हाला सगळं ठाऊक होतं. एका पाळीला आम्ही नऊ जण. बराक विशाल सांभाळत होता, म्हणून आम्ही डोळेझाक केली.

त्याच बराकीत चंदर होता. रोह्याच्या वरच्या अंगाला, कुंडलिका नदीकाठच्या वाडीतला मजूर. मारामारीच्या गुन्ह्यात आत आला, आणि जामीन राहायला कोणी नाही म्हणून दोन वर्षं कच्चाच राहिला. विशालने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बराकीच्या दारात चेपली होती. पण तो शाडूवर असा हात चालवायचा की हैबतराव शिव्या द्यायचे विसरायचे. "ह्याला मी माझ्या कारखान्यात नेणार," ते मला सांगायचे, जसं काही सोडणं माझ्या हातात होतं.

हत्यारांची यादी माझ्याकडे असायची. सुरी, तार, पत्रा, मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, खाली सही. परिपत्रकात 'लोखंडी व इतर धातूची हत्यारे' एवढंच लिहिलं होतं. मातीत नाक-डोळे काढायची कोरणी बांबूची असते. एक टोक चपटं, दुसरं अणकुचीदार. हैबतरावांच्या कारखान्यात कोरणी ज्याची त्याची. ती हाताच्या वळणाने झिजते, दुसऱ्याच्या हाताला चालत नाही. काम संपलं की माणूस ती धुतो, कमरेला खोचतो आणि घरी जातो.

चंदरने पहिली अख्खी मूर्ती एकट्याने केली त्या दिवशी हैबतरावांनी त्याला कोरणी तासून दिली.

"हवालदार, ही त्याची. बराकीत नेऊ दे?" त्यांनी विचारलं.

मी यादी पाहिली. "यादीत नाय. नेऊ दे."

कारागिराला ती कोरणी दिसत होती, मला यादी दिसत होती. हत्यार दोघांनाही दिसलं नाही.

बारा दिवसांनी, सकाळी नळाच्या रांगेत, विशालने चंदरला लाथ घालून खाली पाडलं आणि त्याच्या मोडक्या बोटांवर टाच रोवली. "आता बनव गणपती," म्हणाला आणि टाच फिरवली. चंदरचा उजवा हात कमरेला गेला. पहिला घाव मांडीत बसला, विशाल वाकला, आणि पुढचे दोन मानेत. विशाल नळाखालीच बसला. नळ चालू होता, मोरी लाल झाली. त्याला मरायला चार-पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ रांगेतलं कोणीही जागचं हललं नाही.

शिट्टी झाली आणि आम्ही काठ्या घेऊन आत घुसलो. पुढ्यात येईल त्याला झोडपलं, म्हातारेसुद्धा सोडले नाहीत. चंदर कोरणी टाकून हात वर करून उभा होता. तरी मी मारलं. घाबरलो होतो, दुसरं कारण नाही. तिसऱ्या फटक्याला त्याचा उजवा कोपर फुटला, ते काठीतून माझ्या मनगटाला कळलं. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

दुपारी साहेबांनी जबाब सांगितला, मी लिहिला. कैद्याने झाडूचा बांबू चोरला, दिवसचे दिवस घासून हत्यार केलं, मग खून केला. म्हणजे ठरवून केलेला खून, म्हणजे चंदरला जन्मठेप. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर होती. मी पेणला जाऊन हैबतरावांनाही बजावलं, की गप्प राहा, नाहीतर तुरुंगात हत्यार पुरवलं म्हणून तुम्हीच अडकाल. त्यांनी ओल्या शाडूचा गोळा माझ्या तोंडावर फेकून मारला. ओठ फुटला. मी रुमाल लावून स्टँडवर आलो.

खटला उभा राहिला तेव्हा हैबतराव आपणहून चंदरच्या वकिलाकडे गेले आणि साक्षीला उभे राहिले. "कोरणी माझ्या हातची. कामासाठी मी दिली. आम्ही ती कमरेलाच ठेवतो, त्यानं बी ठेवली. त्यात त्याचा काय बेत नव्हता."

सरकारी वकिलाने विचारलं, "ड्युटीवरच्या हवालदाराची परवानगी घेतली होती?"

मी समोरच्या बाकावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाय. त्यांची आमच्याकडं पाठ होती."

ठरवून केलेला खून, हे कोर्टाने मानलं नाही. चंदरला सात वर्षं लागली. तुरुंगातला वर्ग बंद झाला, नव्या परिपत्रकात बांबूचं नाव आलं आणि हैबतरावांवर तुरुंगात हत्यार पुरवल्याचा गुन्हा दाखल झाला. माझं पेन्शन तोवर वेळेवर सुरू झालेलं होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, सरूवहिनींनी, दार उघडलं आणि पाणीही न विचारता आत निघून गेल्या.

"माझं नाव का नाय घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं असतं तर तुमची चौकशी लागली असती, चंदरचा हात कोणी मोडला तेपण निघालं असतं. मग तुम्ही आत. हवालदार कैदी होऊन आत गेला की त्याचं काय करतात, ते तुम्हालाच ठाऊक हाय. तुमची दया नाय येत मला, हवालदार. पण त्या जागेत माणूस पाठवायचं काम माझ्याच्यानं व्हायचं नाय."

"आणि तुम्ही?"

"माझी तारीख मंगळवारी हाय."

मंगळवारी मी कोर्टात गेलो. परवानगी मी दिली होती, हे सांगायलाच गेलो होतो. पुकारा झाला, हैबतराव उभे राहिले, न्यायाधीशांनी विचारलं यांच्या बाजूने कोणी आहे का, आणि मी मागच्या बाकावर बसून राहिलो.